बार्सिलोनाचा हिरो रियल माद्रिदला गेला, तरी कॅम्प नोऊजवळच्या रस्त्याला त्याचंच नाव आहे

साल २००२. कॅम्प नोऊवर बार्सिलोना विरुद्ध रियल माद्रिद मॅच सुरू होती. माद्रिदचा लुईस फिगो कॉर्नर घ्यायला गेला आणि प्रेक्षकांतून डुकराचं मुंडकं मैदानात येऊन पडलं. फिगोचा गुन्हा काय, तर दोन वर्षांपूर्वी तो बार्सिलोना सोडून माद्रिदला गेला होता.

आता गंमत बघा. याच कॅम्प नोऊजवळ एका रस्त्याला ज्याचं नाव दिलंय, तो गडीसुद्धा बार्सिलोना सोडून माद्रिदलाच गेला होता. त्याचं नाव जोसेप सामितिएर. मग एकाला मुंडकं आणि दुसऱ्याला रस्ता, असं का?

त्यासाठी शंभर वर्षं मागं जावं लागतंय.

सामितिएरचा जन्म २ फेब्रुवारी १९०२ चा, बार्सिलोना शहरातला. १९१९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तो बार्सिलोना क्लबमध्ये आला. तेव्हा स्पेनमध्ये फुटबॉल हा हौसेचा मामला होता, खेळाडूला उघडपणे पगार देता यायचा नाही. त्यामुळे क्लबने या पोराला दिलं काय, तर कोट, पँट आणि जाकीट असा एक सूट आणि अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं एक घड्याळ. पोरगं खूश!

दुसऱ्याच वर्षी स्पेनची पहिली राष्ट्रीय टीम अँटवर्प ऑलिम्पिकला गेली. त्यात अठरा वर्षांचा सामितिएर होता, आणि गोलकीपर रिकार्डो झामोरा हा त्याचा दोस्तही होता. टीम सिल्वर मेडल घेऊन परतली.

सामितिएर मूळचा मिडफिल्डर. पण नुसतं मधे उभं राहून पास द्यायचं काम त्याला पटणारं नव्हतं. तो बॉल घेऊन पुढं घुसायचा, हवेत उड्या मारून कसरतीचे शॉट मारायचा आणि गोल करायचा. यावरून कॅटलान भाषेत त्याला एक नाव पडलं, त्याचा अर्थ शेवंड-माणूस. शेवंड म्हणजे लॉब्स्टर. आता शेवंड कुठं उड्या मारते, असं वाटेल. तर कॅटलानमध्ये शेवंड आणि टोळ या दोघांनाही एकच शब्द आहे, त्यामुळे नाव बरोबर बसलं. त्याचं दुसरं टोपणनाव होतं जादूगार. मैत्रीपूर्ण सामने धरले तर बार्सिलोनासाठी त्याच्या गोलांची संख्या ३०० च्या वर जाते.

त्या काळी बार्सिलोनाचं मैदान छोटं होतं, जेमतेम सहा हजारांच्या आसपास लोक मावायचे. सामितिएर, झामोरा आणि फिलिपिन्समध्ये जन्मलेला पाउलिनो अल्कांतारा यांना बघायला अशी गर्दी व्हायला लागली की क्लबला नवं मैदान बांधावं लागलं. १९२२ मध्ये लेस कॉर्ट्सचं मैदान उघडलं.

लोक तिकीट काढून येतायत म्हटल्यावर ज्यांना बघायला येतायत त्यांना वाटा नको का? १९२५ पर्यंत सामितिएर स्पेनमधला सगळ्यात महागडा खेळाडू म्हणून ओळखला जायला लागला. १९२६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलला अधिकृत मान्यताही मिळाली. घड्याळ आणि सुटावर सुरू झालेला हा माणूस आता फुटबॉलवर पोट भरणाऱ्या पहिल्या पिढीचा चेहरा झाला होता.

१९२८-२९ मध्ये स्पॅनिश लीग पहिल्यांदा भरली. टीम दहा, प्रत्येकीच्या मॅच अठरा. दोन पॉइंटच्या फरकाने बार्सिलोना पहिली आणि रियल माद्रिद दुसरी आली. सामितिएर त्या विजेत्या टीममध्ये होता.

पण पुढे क्लबच्या कारभाऱ्यांशी त्याचं बिनसलं. वय तिशीला टेकलं होतं आणि टीममधली जागाही पक्की राहिली नव्हती. माद्रिदने संधी साधली आणि १९३२-३३ च्या मोसमात सामितिएर थेट त्यांच्याकडे गेला. तिथं झामोरा आधीच होता. माद्रिदसोबत त्याने लीग जिंकली आणि १९३४ चा स्पॅनिश कपही.

१९३६ मध्ये तो अॅथलेटिक माद्रिदचा, म्हणजे आजच्या अॅटलेटिकोचा मॅनेजर झाला. पण टीम खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. आणि काही महिन्यांत देशच पेटला.

जुलै १९३६ मध्ये स्पेनचं यादवी युद्ध सुरू झालं. ऑगस्टमध्ये बार्सिलोनाचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना फ्रँकोच्या सैन्याने गोळ्या घातल्या. सामितिएर दुसऱ्याच बाजूच्या तावडीत सापडला, त्याला अराजकवादी सशस्त्र टोळीने पकडलं. अखेर सुटका झाली आणि युद्धनौकेतून तो फ्रान्सला पोचला. तिथं नीस क्लबकडून खेळला, आणि सोबत पुन्हा झामोरा! त्याच्या या पलायनाची गोष्ट फ्रँकोच्या बाजूच्या मार्का वृत्तपत्राने प्रचारासाठी वापरून घेतली.

१९३९ मध्ये फ्रँको जिंकला. कॅटलान अस्मितेचं प्रतीक असलेल्या बार्सिलोना क्लबला आपलं नावसुद्धा स्पॅनिश पद्धतीने बदलावं लागलं. अशा पडत्या काळात, १९४४ मध्ये सामितिएर मॅनेजर म्हणून घरी परतला आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकून दिली. १९२९ नंतर तब्बल सोळा वर्षांनी आलेली ही बार्सिलोनाची दुसरी लीग. पहिली त्याने खेळून जिंकलेली, दुसरी शिकवून.

पण त्याचं सगळ्यात मोठं काम याच्याही पुढचं. मॅनेजरकी सुटल्यावर तो क्लबसाठी खेळाडू हेरायचं काम करायला लागला. १९५० मध्ये हंगेरीतून पळालेल्या निर्वासित खेळाडूंची एक टीम स्पेनमध्ये मॅच खेळायला आली. त्यात होता लाझ्लो कुबाला. रियल माद्रिदलाही तो हवा होता. पण सामितिएरने डाव साधला आणि कुबालाला बार्सिलोनासाठी करारबद्ध केलं. कुबालाचे मेहुणे आणि त्या टीमचे कोच फर्डिनांड डाउचिक यांनाही त्याने बार्सिलोनाचे कोच म्हणून आणलं.

१९५१-५२ च्या एकाच मोसमात बार्सिलोनाने पाच ट्रॉफ्या जिंकल्या. कुबालाला बघायला एवढी झुंबड उडू लागली की लेस कॉर्ट्सचं मैदानही पुरेना. मग सप्टेंबर १९५७ मध्ये उघडलं कॅम्प नोऊ.

म्हणजे हिशोब करा. क्लबचं पहिलं मोठं मैदान सामितिएरच्या खेळामुळे भरलं, आणि दुसरं त्याने आणलेल्या खेळाडूमुळे बांधावं लागलं. पहिल्या दोन्ही लीग विजेतेपदांत त्याचा हात. माद्रिदमधले दिवस खरेच होते, पण या खात्यासमोर ते फार छोटे ठरले.

४ मे १९७२ ला बार्सिलोनातच सामितिएर गेला. फिगोने फक्त जाताना दार आपटल्याचं लोकांच्या लक्षात राहिलं. सामितिएर गेला, परत आला आणि ज्या घरातून गेला होता तेच घर मोठं करून ठेवलं. रस्त्याला नाव त्याचंच असणार होतं.