विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (जन्म : वरसई, १८६३, मृत्यू : धुळे, ३१ डिसेंबर १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, भाषाशास्त्रज्ञ आणि संपादक होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या २२ खंडांमुळे ते ओळखले जातात. साधन कसे शोधावे, ते अस्सल की बनावट हे कसे ठरवावे आणि त्यावर किती विश्वास टाकावा, याची शिस्त त्यांनी मराठी अभ्यासकांना लावून दिली.

== जीवन ==

राजवाडे यांचा जन्म पेण तालुक्यातील (आताचा रायगड जिल्हा) वरसई गावी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्यातील डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, परंतु ती फार टिकली नाही. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १८९५च्या सुमारास त्यांनी 'भाषांतर' हे मासिक चालविले व त्यातून प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपले संशोधनपर लेखन मराठीतूनच केले.

== साधनांचा शोध ==

वाई येथे मिळालेल्या जुन्या कागदांवरून साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. यानंतर राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडले. जुने वाडे, मठ, देवस्थाने, देशपांडे-कुलकर्ण्यांची दप्तरे हे त्यांचे ग्रंथालय होते. वाळवी लागलेली रुमाले, वाण्याकडे रद्दीत जाणारे कागद आणि दप्तर दाखविण्यास नाखूश असलेले मालक, अशा परिस्थितीत हे काम झाले. त्यामागे कोणत्याही सरकारी खात्याचे पाठबळ नव्हते.

== साधनांची पारख ==

पहिल्या खंडाची प्रस्तावना हा मराठीतील साधनचिकित्सेचा जणू पहिला पाठच होय. मराठ्यांच्या इतिहासासाठी तोपर्यंत ग्रँट डफचा ग्रंथ आणि बखरी यांवरच भिस्त होती. राजवाडे यांनी दोहोंतील विधाने समकालीन पत्रांशी ताडून पाहिली आणि त्यांतील चुका व उणिवा दाखविल्या. घटना घडत असताना, तिच्याशी संबंध असलेल्या माणसाने कामाच्या गरजेपोटी लिहिलेले पत्र त्यांनी सर्वांत वर ठेवले. घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, ऐकीव माहितीवर रचलेली बखर त्यांच्या लेखी दुय्यम होती. ती टाकाऊ नसली, तरी दुसऱ्या पुराव्याशी मेळ बसेपर्यंत तिच्यावर विसंबणे त्यांना मान्य नव्हते.

पत्रही आपण होऊन सर्व काही सांगत नाही. पेशवेकालीन पुष्कळ पत्रांच्या शेवटी चंद्राचा दिवस व मुसलमानी महिना असतो, वर्ष मात्र नसते. मग मजकुरातील मुक्काम, उल्लेखिलेल्या व्यक्ती व घडामोडी यांवरून ते ठरवावे लागते. येथे एका वर्षाची चूक झाली, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. शिक्का, मोडी अक्षराचे वळण, कागद, भाषेचा काळ, तसेच हाती आलेला कागद अस्सल आहे की नक्कल, हेही पाहावे लागते.

== भारत इतिहास संशोधक मंडळ ==

७ जुलै १९१० रोजी राजवाडे यांनी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सभेत निबंध वाचायचा, त्याचा आधार सांगायचा आणि इतरांच्या शंकांना उत्तरे द्यायची, ही तेथील रीत होती. या वातावरणात दत्तो वामन पोतदार यांच्यासारखे संशोधक पुढे आले. शीघ्रकोपी स्वभाव आणि मतभेद यांमुळे राजवाडे स्वतः मात्र मंडळापासून दूर झाले. त्यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला.

== उत्तर कोकण आणि माहुली ==

ठाणे जिल्ह्याच्या अभ्यासकांना राजवाडे यांची दोन संपादने विशेष उपयोगी आहेत. १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'त उत्तर कोकणातील राजवटी, कुळे व गावे यांची माहिती येते. ही बखर एका हातची नसून तिचे भाग निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लेखकांनी रचले आहेत, हे राजवाडे यांनी उलगडून दाखविले. त्यामुळे बखरीतील एखादे विधान वापरण्यापूर्वी ते कोणत्या भागातील आहे, हे पाहणे भाग पडते. गावांच्या नावांनाही त्यांनी इतिहासाचे साधन मानले. शहापूर, मुरबाडसारख्या भागात, जेथे लिखित कागद थोडा आहे, तेथे हा मार्ग महत्त्वाचा ठरतो.

दुसरे संपादन जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू'चे (१९२२). शहाजीराजांच्या आश्रयाने लिहिलेल्या या काव्याला राजवाडे यांनी प्रदीर्घ प्रस्तावना जोडून शहाजींचे कर्तृत्व मांडले. याच शहाजींना १६३६ साली शहापूरजवळील माहुली किल्ल्यावर वेढा पडला. बाल निजामशहा मुर्तजा मोगलांच्या स्वाधीन झाला व निजामशाही संपली. या मोहिमेची हकिकत शाहजहानच्या दरबारी लिहिलेल्या फारसी 'पादशाहनाम्या'त आहे. म्हणजे शहाजींविषयीचे एक साधन त्यांच्या आश्रित कवीचे, तर दुसरे विजेत्याच्या दरबारातले. दोन्ही समकालीन असली, तरी दोघांनाही धनी होता. राजवाडे यांनी बखरींना लावलेली कसोटी त्यांच्या स्वतःच्या प्रस्तावनेत काव्याला तितक्या कठोरपणे लावलेली दिसत नाही.

== ज्ञानेश्वरीची पोथी ==

राजवाडे यांच्या कार्यातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण ज्ञानेश्वरीचे आहे. मराठवाड्यात मिळालेल्या एका पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ही संहिता एकनाथांनी केलेल्या शुद्धीच्या पूर्वीची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तिच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. तिचा कागद, अक्षर, लेखनकाळ यांची फेरतपासणी त्यामुळे अशक्य झाली आणि तिच्या प्राचीनतेविषयीची शंका कायम राहिली. इतरांकडे अस्सल कागद मागणाऱ्या संशोधकाच्या बाबतीत हे घडावे, ही बाब त्यांच्या चाहत्यांनाही खटकत आली आहे.

== मृत्यूनंतर ==

राजवाडे यांच्या निधनानंतर भास्कर वामन भट प्रभृतींनी १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. राजवाडे यांनी जमविलेले कागद व टिपणे तेथे जतन करण्यात आली.