जो ओसाना

जोसेफ फ्रँक ओसाना (जन्म : डेट्रॉइट, मिशिगन, १० डिसेंबर १९२८, मृत्यू : मॉरिसटाउन, न्यू जर्सी, २८ नोव्हेंबर १९७७) हे अमेरिकन विद्युत अभियंता व संगणक-आज्ञावलीकार होते. ते जो ओसाना या नावाने ओळखले जातात. युनिक्स या संगणक प्रणालीवरील एनरॉफ आणि टीरॉफ या मजकूर-मांडणीच्या आज्ञावली त्यांनी लिहिल्या. साध्या मजकुराच्या फाइलीला कमांड लाइनवरून दिलेल्या एका आज्ञेने समास, परिच्छेद, शीर्षके व पृष्ठक्रमांक प्राप्त करून देणे हे या आज्ञावलींचे कार्य होय. युनिक्सला आरंभीच्या काळात यंत्र आणि आश्रय मिळाला, तोही मुख्यतः याच कामाच्या निमित्ताने.

शिक्षण व आरंभीचे कार्य

ओसाना यांनी १९५२ साली डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. तेथे त्यांनी प्रवर्धकांची रचना, फिरत्या रेडिओ संदेशवहनातील क्षीणन अशा विषयांवर संशोधन केले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था (एमआयटी), जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांच्या मल्टिक्स या संयुक्त प्रकल्पातही त्यांचा सहभाग होता. त्या प्रणालीच्या आदान-प्रदान व्यवस्थेवर १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचे ते एक लेखक होते.

युनिक्स आणि पेटंट विभाग

१९६९ साली बेल प्रयोगशाळेने मल्टिक्समधून अंग काढून घेतले. त्या खर्चिक अनुभवानंतर नव्या संगणक प्रणालीसाठी पैसा देण्यास व्यवस्थापन राजी नव्हते. केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि ओसाना यांनी यंत्रासाठी केलेल्या मागण्या फेटाळल्या गेल्या. १९७० च्या आरंभी सुमारे ६५,००० डॉलर किमतीच्या पीडीपी-११ या संगणकाची मागणी पुढे आली, तेव्हा तिचे प्रयोजन बदललेले होते. मजकुराचे संपादन व मांडणी करणारी व्यवस्था उभारणे हे उद्दिष्ट त्यात सांगितले होते. हा प्रस्ताव अखेर मान्य झाला.

आता दिलेला शब्द पाळणे भाग होते. बेल प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला आपले अर्ज ठरावीक नमुन्यात, प्रत्येक पानावर ओळींचे क्रमांक घालून तयार करावे लागत. ही गरज हेरून तिची सोय युनिक्सवर करून देण्यात ओसाना यांनी पुढाकार घेतला. १९७१ च्या उत्तरार्धात त्या विभागाचे तीन टंकलेखक दिवसभर या संगणकावर काम करीत. यंत्रात २४ किलोबाइट स्मृती व अर्ध्या मेगाबाइटची एकच चकती होती. हा प्रयोग यशस्वी झाला, पेटंट विभागाने ही प्रणाली स्वीकारली आणि युनिक्सची उपयुक्तता संस्थेत प्रथमच सिद्ध झाली.

एनरॉफ व टीरॉफ

फाइलीतच मांडणीच्या आज्ञा लिहिण्याची कल्पना ओसाना यांची नव्हे. जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ च्या सुमारास एमआयटीत लिहिलेल्या रनऑफ या आज्ञावलीत ती आढळते. तिच्यावरून रॉफ ही आज्ञावली निघाली. नव्या ओळीच्या आरंभी टिंब व त्यापुढे दोन अक्षरे लिहिली की ती ओळ मजकूर न राहता सूचना ठरते : येथे ओळ मोकळी सोडावी, येथे शीर्षक मध्यभागी आणावे, इत्यादी. ओसाना यांनी एनरॉफमध्ये तिला प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे सामर्थ्य दिले. वापरकर्त्याला आज्ञांचे समूह करून स्वतःची नवी आज्ञा बनविता येऊ लागली. पानाच्या तळाशी पोहोचताच ठरलेली कृती आपोआप घडविण्याची सोयही झाली. त्यामुळे लेखकाने मजकूर एकदाच लिहावा आणि त्याचे रूप हवे तेव्हा बदलावे, हे शक्य झाले.

एनरॉफ टंकयंत्रासारख्या मुद्रकांसाठी होती. प्रयोगशाळेत ग्राफिक सिस्टिम्स कंपनीचे सीएटी हे प्रकाश-अक्षरजुळणी यंत्र आल्यावर ओसाना यांनी १९७३ च्या सुमारास त्यासाठी टीरॉफ लिहिली. या यंत्रावर एका वेळी चार टंक बसत आणि प्रत्येकात १०२ चिन्हे असत. आरंभी असेंब्ली भाषेतील ही आज्ञावली त्यांनी १९७५ च्या सुमारास सी भाषेत उतरवली. १९७६ साली तिची सविस्तर पुस्तिका सिद्ध केली.

इतरांनी तिला पूरक आज्ञावली लिहिल्या. ब्रायन कर्निहॅन व लोरिंडा चेरी यांची ईक्यूएन गणिती समीकरणे मांडते, तर माइक लेस्क यांची टीबीएल कोष्टके जुळवते. एकीचा निकाल दुसरीकडे सोपविणाऱ्या युनिक्सच्या 'पाइप'मुळे या सर्व आज्ञावली कमांड लाइनवरील एकाच ओळीत जोडता येतात. कर्निहॅन व रिची यांचे सी भाषेवरील १९७८ चे प्रसिद्ध पुस्तक याच साधनांनी जुळविलेले आहे.

मृत्यू व वारसा

ओसाना यांचे हृदयविकाराने निधन झाले, तेव्हा त्यांना वयाची ४९ वर्षे पूर्ण होण्यास १२ दिवस उरले होते. टीरॉफ एकाच यंत्राशी घट्ट बांधलेली होती. तिची अंतर्गत रचना अतिशय गुंतागुंतीची असून तिच्यात स्पष्टीकरणात्मक टिपा जवळजवळ नव्हत्या. कर्त्याच्या पश्चात ती समजून घेणे अवघड झाले. १९७९ च्या सुमारास कर्निहॅन यांनी हे काम हाती घेतले व ती कोणत्याही अक्षरजुळणी यंत्रासाठी चालेल असे बदल केले. हे करताना त्यांनी ओसाना यांची आज्ञाभाषा जवळजवळ तशीच ठेवली. त्यामुळे जुन्या फाइली निरुपयोगी झाल्या नाहीत. १९९० मध्ये जेम्स क्लार्क यांनी जीरॉफ ही मुक्त आवृत्ती प्रथम प्रसिद्ध केली. लिनक्ससारख्या प्रणालींत 'मॅन' ही आज्ञा दिल्यावर उघडणारी माहितीची पाने आजही मुख्यतः टिंबाने आरंभ होणाऱ्या याच आज्ञांच्या परंपरेत लिहिली जातात.