न्यायमूर्ती हिदायतुल्लाह : नागपूरचे सरन्यायाधीश, जे कोणत्याच पक्षाचे नव्हते

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत मोहम्मद हिदायतुल्लाह यांच्यावर सहसा एकच ओळ असते. सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि कार्यवाहक राष्ट्रपती या तिन्ही जागांवर काम केलेले एकमेव भारतीय. मुलं ती ओळ पाठ करतात, एक मार्क मिळवतात आणि पुढे जातात. ज्या माणसाची उमेदीची वर्षं आपल्या नागपुरात गेली, त्याची एवढीच ओळख आम्हाला अपुरी वाटते. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश कोणी निवडायचे, सरकारने की कोर्टाने, हा वाद आजही पेटतो. तो समजून घ्यायचा तर हिदायतुल्लाह साहेबांचं आयुष्य माहीत असायला हवं.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. वालिद हाफिज विलायतुल्लाह सरकारी अधिकारी होते आणि उर्दूचे शायरही. शालेय शिक्षण रायपूरला झालं, कॉलेज नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. पुढे केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले आणि १९३० मध्ये परत येऊन नागपुरात वकिली सुरू केली. वकिलीबरोबर इथल्या लॉ कॉलेजात शिकवलं, नगरपालिकेतही काम केलं. १९४३ साली ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल झाले आणि १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश.

मग १९४७ उजाडलं. थोरले भाऊ मोहम्मद इक्रामुल्लाह पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले परराष्ट्र सचिव झाले. हिदायतुल्लाह नागपुरातच राहिले. एक भाऊ तिकडच्या सरकारात आणि दुसरा इकडे न्यायासनावर. असा पेच त्या काळात अनेक मुस्लिम खानदानांनी पाहिला आहे. अशा माणसावर त्या दिवसांत बोट दाखवणं किती सोपं होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तरीही डिसेंबर १९५४ मध्ये, वयाची पन्नाशीही झाली नसताना, ते याच हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचं स्वतंत्र हायकोर्ट संपलं आणि ते मध्य प्रदेशचे मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले. १ डिसेंबर १९५८ रोजी ते सुप्रीम कोर्टात पोचले.

इथे थोडं थांबून नेमणुकीची पद्धत पाहू. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशाचं नाव सुचवतात आणि सिनेट त्यावर मतदान घेतं. पक्षांची भांडणं तिथे उघड्यावर होतात. आपल्या संविधान सभेत १९४९ मध्ये यावर चर्चा झाली. मद्रासचे सदस्य बी. पोकर साहिब यांची दुरुस्ती अशी होती की सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय न्यायाधीश नेमू नये. बाबासाहेब आंबेडकरांनी मधला रस्ता काढला. सगळी मुभा सरकारला नको, संसदेचं मतदान नको आणि सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकारही नको. राष्ट्रपतींनी न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नेमणूक करावी, असं ठरलं. सरन्यायाधीशपद सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाला द्यायचं, ही मात्र प्रथा होती. ती संविधानात कुठेच लिहिलेली नाही.

याच प्रथेने हिदायतुल्लाह २५ फेब्रुवारी १९६८ रोजी सरन्यायाधीश झाले. या पदावर बसलेले ते पहिले मुस्लिम. पण पद कोणी मेहरबानी म्हणून दिलं नव्हतं, त्यांची पाळी आली होती. त्याच्या आदल्याच वर्षी गोलकनाथ खटल्यात त्यांनी बहुमताच्या बाजूने निकाल दिला होता. संसदेलाही मूलभूत हक्क काढून घेता येणार नाहीत, असा तो निकाल. सरकारला तो बिलकूल आवडला नव्हता. तरी ज्येष्ठता पाळली गेली.

१९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसैन यांचं निधन झालं. कार्यवाहक राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला आणि २० जुलैला ती जबाबदारी सरन्यायाधीशांवर आली. काँग्रेस पक्ष फुटण्याच्या बेतात होता आणि राष्ट्रपतीपदाची निवडणूक हेच भांडणाचं मैदान होतं. त्या पाच आठवड्यांत राष्ट्रपती भवनात बसलेला माणूस कोणत्याच गटाचा नव्हता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन दिल्लीत आले तेव्हा त्यांचं स्वागत यांनीच केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निक्सन यांचा सुप्रीम कोर्टासाठीचा उमेदवार सिनेटने ५५ विरुद्ध ४५ मतांनी पाडला.

बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून हिदायतुल्लाह यांचीच सही होती. पुढे त्याच कायद्याचा खटला सुप्रीम कोर्टात आला, तेव्हा ते खंडपीठावर बसले नाहीत. निकाल न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या खंडपीठाने सरकारविरुद्ध दिला. पुढे १९७० मध्येच जवळपास दोनशे खासदारांनी शाह यांच्याविरुद्ध कारवाईची मागणी केली. लोकसभा अध्यक्षांनी ती फेटाळली.

मग राजेरजवाड्यांच्या तनख्यांचा खटला आला. तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती राज्यसभेत थोडक्यात पडली होती, म्हणून सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढून घेतली. जनता सरकारच्या बाजूने होती. राजांना फुकट पैसा कशाला, हे कोणालाही पटेल. पण कोर्टापुढचा प्रश्न वेगळा होता. संविधानाने दिलेली गोष्ट एका सहीने काढता येते का? १५ डिसेंबर १९७० ला, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, हिदायतुल्लाह यांनी बहुमताच्या बाजूने निकाल दिला. येत नाही. पुढच्या वर्षी संसदेने रीतसर घटनादुरुस्ती करून तनखे बंद केले. म्हणजे काम झालंच, फक्त कायद्याच्या रस्त्याने झालं.

अशा निकालांचा राग सरकारच्या मनात राहिला. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती निकाल आला आणि दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं. तिघांनी राजीनामे दिले. सरकारकडून समर्थन असं झालं की न्यायाधीशाचा सामाजिक दृष्टिकोनही पाहायला हवा. निवृत्त हिदायतुल्लाह गप्प बसले नाहीत. त्यांच्या टीकेचा आशय असा की यातून पुढचा विचार करणारे न्यायाधीश मिळणार नाहीत, पुढच्या खुर्चीकडे डोळे लावून बसलेले मिळतील.

आता आपल्या लोकांसाठी जरा कडू वाटेल अशी गोष्ट. जानेवारी १९७७ मध्ये न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांना डावलण्यात आलं. आणीबाणीत तुरुंगात टाकलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता आली पाहिजे, असं म्हणणारे पाच न्यायाधीशांतले ते एकटेच होते. त्यांच्या जागी सरन्यायाधीश झाले एम. एच. बेग. ते मुस्लिम होते आणि त्या निकालात सरकारच्या बाजूने होते. मुस्लिम सरन्यायाधीश आतापर्यंत चार झाले, ही गिनती आपण अभिमानाने करतो. पण एक ज्येष्ठतेने आले आणि दुसरे डावलाडावलीतून, हा फरक मुलांना सांगायला हवा. खन्नांनी ज्या हक्काची बाजू घेतली, तो तुरुंगातल्या आपल्या मुलालाही लागू होता.

१९७९ मध्ये हिदायतुल्लाह उपराष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवडून आले. पक्ष एकमेकांची तोंडं पाहत नव्हते अशा दिवसांत त्यांच्या नावावर सगळे राजी झाले. १८ सप्टेंबर १९९२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याच्या पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने नेमणुकीचा मुख्य अधिकार न्यायाधीशांकडे, म्हणजे कॉलेजियमकडे घेतला. त्या जागी आणलेला नवा आयोग २०१५ मध्ये कोर्टाने रद्द केला. खेचाखेची संपलेली नाही.

प्रत्येक पक्षाला आपला माणूस खुर्चीवर हवा असतो. कधी कधी आपल्यालाही वाटतं की तिथे आपला माणूस हवा. आम्ही वर्गात मुलांना सांगतो की वकील व्हा, न्यायाधीश व्हा, तिथे आपली संख्या वाढलीच पाहिजे. पण तिथे पोचल्यावर कोणाचे होऊ नका, आमचेही नाही. ज्याच्यावर विरोधी बाजूचा माणूसही भरवसा ठेवतो, असाच न्यायाधीश कमजोराच्या कामी येतो.