देवाचा चेहरा, माणसाची गोष्ट

शाहू मोडक हे नाव काढले की घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना मोरपीस आणि बासरी आठवते. एकोणतीस चित्रपटांत ते श्रीकृष्ण झाले, असे त्यांच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. कृष्ण नव्हे तेव्हा ते ज्ञानेश्वर होते किंवा रामाच्या पादुका घेऊन परतणारा भरत होते. देव्हाऱ्यातल्या तसबिरीत शोभावा असा तो चेहरा. मला मात्र मोडकांची थोरवी वेगळ्याच एका भूमिकेत दिसते. त्या भूमिकेत त्यांच्या अंगावर पीतांबर नव्हता, पोलीस शिपायाचा गणवेश होता.

मोडकांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. हे गाव समजून घेतले की मोडकांचे कोडे निम्मे सुटते. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ मध्ये नगरला ठाण मांडले. पण तिथला ख्रिस्ती समाज बोलला मराठी आणि गायलाही मराठीच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच नगरात राहून ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून आणि कीर्तनांतून मांडली. लक्ष्मीबाईंचा संसारही इथलाच. याच जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशात, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अशा मातीतला मुलगा पडद्यावर कृष्ण झाला, ज्ञानेश्वर झाला, तर त्यात नवल ते काय? निदान त्या पिढीच्या प्रेक्षकांना तसे वाटले नाही. त्यांनी पडद्यावरच्या मोडकांना हात जोडले.

१९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये चौदा वर्षांचे मोडक बाळकृष्ण म्हणून आले. मुंबईत हा बोलपट पंचवीसहून अधिक आठवडे चालला. सिनेमाला नुकताच कंठ फुटला होता. गाता गळा आणि निरागस मुद्रा असलेल्या मुलाला आणखी काय हवे? पुढचा रस्ता आखल्यासारखाच होता.

पण १९३९ साली तो रस्ता एका वळणावर आला. पुण्याच्या 'प्रभात'मध्ये व्ही. शांताराम यांनी 'माणूस' काढायला घेतला आणि नायक म्हणून मोडकांना निवडले. त्या वर्षाचे आणखी एक महत्त्व आहे. त्याच १९३९ मध्ये अमेरिकेत जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' आला. घोडे, बंदुका, ओसाड माळ आणि सरहद्दीवरची वस्ती यांच्या ज्या चित्रपटांना आपण वेस्टर्न म्हणतो, त्यांना मानाचे पान मिळवून देणारा हा चित्रपट. तुरुंगातून पळालेला एक तरुण आणि गावातल्या प्रतिष्ठित बायकांनी हाकलून दिलेली एक वेश्या त्यात एकमेकांवर जीव लावतात. शेवटी खुद्द कायद्याचा अंमलदार डोळेझाक करतो आणि ती दोघे सरहद्दीपलीकडे नव्या आयुष्याकडे निघून जातात. अमेरिकेची सारी दंतकथा या एका शेवटात आहे: गाव वाईट निघाले तर पुढे मोकळी जमीन आहेच. ती जमीन आधीच कुणाची तरी होती, हे मात्र त्या कथेत येत नाही. तिथले मूळ रहिवासी पडद्यावर येतात ते हल्ला करायला आणि गोळ्या खाऊन पडायला.

आता 'माणूस' पाहा. इथेही कायद्याचा माणूस आहे आणि वेश्याही आहे. गणपत हा साधा शिपाई, मैना ही धाडीत त्याच्या नजरेस पडलेली मुलगी. शांता हुबळीकरांनी ती अशी रंगवली की विसरू म्हणता विसरता येत नाही. गणपत तिला वाचवतो, तिच्यात गुंततो, थेट आईपुढे नेऊन उभी करतो. आई दुष्ट नाही. ती भाबडी, देवभोळी आणि प्रेमळ आहे. मैनेला तेच जड जाते. हाकलून देणाऱ्या बायकांपासून पळता येते. विश्वास टाकणाऱ्या माउलीला फसवणे तिला जमत नाही. पुढे तिच्या हातून खून होतो. गणपत तिला सोडवायला तयार असतो, पण ती नकार देते. ती तुरुंगात राहते आणि तो मोडून पडता पडता पुन्हा कामावर रुजू होतो.

मी हा चित्रपट फार उशिरा पाहिला आणि शेवट झाल्यावर बराच वेळ अस्वस्थ होतो. मैनेसाठी सरहद्द नव्हती. तिच्याभोवतीचे कुंपण तुमच्या-माझ्या घरांच्या उंबऱ्यांचे होते. प्रेमभंगानंतर दारूत बुडून मरणारा 'देवदास' १९३५ पासून देशभर गाजत होता. 'माणूस'ने ती सवलतही नायकाला दिली नाही. एका प्रसंगात तर गणपत आणि मैना सिनेमाच्या शूटिंगपाशी पोचतात आणि पडद्यावरच्या गोडगोड प्रेमाची यथेच्छ टर उडवतात. स्वतः सिनेमाच सिनेमाच्या दंतकथेवर हसतो आहे, आणि तेही १९३९ साली.

हॉलिवूडला आपल्या दंतकथांची अशी उलटतपासणी करायला वेळ लागला. फोर्डनेच १९५६ मध्ये 'द सर्चर्स'मध्ये त्याच जॉन वेनला द्वेषाने आंधळा झालेला माणूस म्हणून उभे केले. १९७० च्या 'लिटल बिग मॅन'ने कत्तलींचा इतिहास मूळ रहिवाशांच्या बाजूने दाखवला. १९९२ च्या 'अनफरगिव्हन'मध्ये क्लिंट ईस्टवूडने बंदूकबाज नायकाचा सोनेरी मुलामा स्वतःच्या हाताने खरवडून काढला. या साऱ्यांना आधी दंतकथा होऊन मग ती मोडायची संधी मिळाली. मोडकांचे उलटे झाले. एकविसाव्या वर्षीच त्यांनी नायकाला माणसाच्या उंचीवर आणले, आणि मग प्रेक्षकांनी त्यांना उचलून पुन्हा देव्हाऱ्यात बसवले.

१९४० मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या 'संत ज्ञानेश्वर'ने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९४२ मध्ये 'भरत मिलाप' आला. नंतर कृष्णामागून कृष्ण आले. मोडकांनी त्या भूमिका सचोटीने आणि श्रद्धेने केल्या, त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण दुसरा गणपत त्यांच्या वाट्याला आला नाही, ही खंत राहतेच. तो दोष त्यांचा नव्हे. देव पाहायला आपण रांगा लावतो. शिपाई मात्र आपल्याच दारात येऊन उभा राहतो आणि आपल्यालाच प्रश्न विचारतो. मैनेला तुम्ही घरात घेतले असते का?

११ मे १९९३ रोजी मोडक गेले. त्याच्या दीडेक महिना आधीच 'अनफरगिव्हन'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते आणि दंतकथा मोडण्याच्या धाडसाची जगभर वाहवा चालली होती. ते धाडस चोपन्न वर्षांपूर्वी पुण्यात झाले होते आणि त्यातला नायक नगरचा होता. घरातल्या आजी-आजोबांनी मुलांना कृष्ण झालेले मोडक जरूर दाखवावेत. पण सवड काढून त्यांच्या शेजारी बसून 'माणूस'ही पाहावा, आणि मैनेचे काय चुकले असे मुलांनी विचारले, तर उत्तर टाळू नये.