विश्लेषण : नऊशे वर्षांपूर्वी पाककृती लिहून ठेवणारा राजा सोमेश्वर कोण होता?

इडली, वडे, श्रीखंड, मांडे, पाकात मुरवलेली दुधाची मिठाई… घरोघरी होणाऱ्या या पदार्थांच्या पूर्वजांची नोंद बाराव्या शतकातील एका संस्कृत ग्रंथात सापडते. ग्रंथाचे नाव 'मानसोल्लास' आणि कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. राज्यकर्ता म्हणून त्याच्या वाट्याला फारशी कीर्ती आली नाही. तरीही खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासात त्याचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

सोमेश्वराचा काळ कसा होता?

सोमेश्वर हा सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा. विक्रमादित्याने सुमारे पन्नास वर्षे राज्य केले. 'विक्रमांकदेवचरित' लिहिणारा कवी बिल्हण आणि 'मिताक्षरा'कार विज्ञानेश्वर हे त्याच्याच दरबारातले. राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आजच्या महाराष्ट्राचाही मोठा भाग या राज्यात होता.

वडिलांनंतर 1126-27च्या सुमारास सोमेश्वर गादीवर आला. वारसा मोठा होता, पण राज्याच्या कडा सैल होऊ लागल्या होत्या. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन स्वतंत्र होण्याच्या खटपटीत होता, पूर्वेकडे वेंगीचा प्रदेश चोळांकडे गेला. सोमेश्वराचा ओढा मात्र विद्येकडे होता. 'सर्वज्ञ' ही त्याची पदवी होती. वडिलांचे चरित्रही त्याने 'विक्रमांकाभ्युदय' या नावाने लिहायला घेतले. ते आज अपूर्ण स्वरूपात मिळते.

'मानसोल्लास'मध्ये काय आहे?

'अभिलषितार्थचिंतामणी' हे या ग्रंथाचे दुसरे नाव. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, असे एकूण शंभर अध्याय. राज्य मिळवणे, ते टिकवणे, राजाचे उपभोग, करमणूक आणि खेळ असे विषय त्यात येतात. हत्ती, रत्ने, चित्रकला, संगीत, वास्तू, वैद्यक असे काहीच सुटलेले नाही. ग्रंथातील कालगणनेसाठी शके 1051, म्हणजे इसवी सन 1129 हे वर्ष धरले आहे. त्यामुळे लेखनाचा काळ ठरवता येतो.

स्वयंपाकाचा भाग 'अन्नभोग' या नावाने तिसऱ्या विभागात येतो. पदार्थांची नुसती यादी देऊन सोमेश्वर थांबत नाही. धान्य कसे निवडायचे, काय भिजवायचे, काय वाटायचे, कशात तळायचे, वरून काय घालायचे, हे तो सांगतो.

कोणते पदार्थ ओळखीचे वाटतात?

'इड्डरिका' हे इडलीचे जुने रूप मानले जाते. ती उडदाच्या वाटणाची असून मिरपूड, जिरे आणि हिंगाने चवदार केली जाते. त्यात तांदळाचा उल्लेख नाही. डोशाशी नाते सांगणारा 'दोसक' डाळींचा आहे. उडदाचे वडे दुधात मुरवले की त्यांना 'क्षीरवट' म्हटले आहे.

'मंडक' तर आजही नावासकट ओळखता येतो. गहू धुऊन, वाळवून, दळून, बारीक चाळलेल्या पिठात तूप घालून मळायचे, गोळा हाताने पसरवायचा आणि तापलेल्या खापरावर भाजायचा. खानदेशात खापरावरचे मांडे करणाऱ्या हातांना ही कृती परकी वाटणार नाही.

दही गाळून, साखर घालून केलेली 'शिखरिणी' श्रीखंडाची आठवण करून देते. दूध आंबट घालून नासवायचे, कपड्यातून निथळायचे, त्यात तांदळाचे पीठ मिसळून तळायचे आणि साखरेच्या पाकात सोडायचे, अशीही एक मिठाई आहे. दूध नासवून गोड करण्याची रीत भारतात पोर्तुगीजांमुळे आली, असे अनेकदा सांगितले जाते. ही कृती मात्र ते येण्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीची आहे.

मराठीशी नाते काय?

ग्रंथ संस्कृतात असला, तरी संगीताच्या भागात मराठीतील काही ओळी आढळतात. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंदही त्यात आहे. राजाच्या ताटापर्यंत पोहोचणाऱ्या धान्यामागे कोणाचे हात होते, याचा हा छोटा पण मोलाचा पुरावा. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांची नावे मात्र इतिहासात उरली नाहीत.

पुढे काय झाले?

1138च्या सुमारास सोमेश्वराची कारकीर्द संपली. त्यानंतर वीस वर्षांच्या आतच कलचुरी बिज्जळाने कल्याणीची सत्ता बळकावली. याच बिज्जळाच्या दरबारी बसवेश्वर मंत्री होते. शतक संपता संपता चालुक्यांचे राज्य यादव आणि होयसळांमध्ये वाटले गेले. ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून टिकला. बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने गायकवाड ग्रंथमालेत 1925 ते 1961 या काळात तो तीन खंडांत छापला.

मग 'पारंपरिक' कशाला म्हणायचे?

सोमेश्वराच्या स्वयंपाकघरात मिरची, बटाटा, टोमॅटो यांपैकी काहीही नव्हते. ते अमेरिका खंडातून कित्येक शतकांनी आले. तिखटपणासाठी मिरी आणि आले होते. दुसरीकडे हरीण, रानडुक्कर, मासे, कासव आणि नदीकाठचे भाजलेले उंदीरही या ग्रंथात आहेत. जुना स्वयंपाक म्हणजे केवळ शाकाहार, ही समजूत इथे टिकत नाही.

अर्थात हे राजाचे जेवण होते. सामान्यांच्या घरी रोज काय शिजत होते, हे त्यावरून ठरवता येत नाही. पण एवढे नक्की कळते, की इडलीत तांदूळ नंतर आला आणि फोडणीत मिरचीही नंतरच पडली. घरातली चव पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी आली, असे वाटत असले तरी प्रत्येक पिढीने तिच्यात काही घातले आणि काही वगळले. तो बदल मोजता येतो, कारण एका राजाला स्वयंपाक हा लिहून ठेवण्याजोगा विषय वाटला.