बुद्धवचनाचा मराठी वाटाड्या : धर्मानंद कोसंबी

आज वैशाखी पौर्णिमा. भगवान बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना परंपरा याच तिथीला मानते. जुन्या पंचांगांतील दशावतारांच्या चित्रांत बुद्धाच्या नवव्या स्थानी कित्येकदा विठ्ठलमूर्ती दाखवीत. मंद्रूपहून पंढरीला जाणाऱ्या भाविकाला नववा अवतार परका नाही तो असा. बौद्ध बांधवांना ही अवतारकल्पना मान्य नाही, आणि त्याचे कारण आपण जाणून घेतले पाहिजे. आपण हात जोडले. परंतु त्या महापुरुषाने काय शिकविले, हे सांगताना आम्हा कीर्तनकारांचीही जीभ अडखळते. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्या धर्मानंद कोसंबी यांचे आज पुण्यस्मरण करू.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच; नारळाच्या बागायतीची देखभाल हाच व्यवसाय. अशा तरुणाच्या हाती ‘बाळबोध मेवा’ हे मुलांचे मासिक पडले आणि त्यातील बुद्धचरित्राने त्यांना झपाटले. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही कन्या यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. त्या ज्ञानयात्रेचे मोल त्या माउलीनेही मोजले, हे विसरून चालणार नाही.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन घेऊन ते काशीस गेले. अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. परंतु बुद्धवचनाचे मूळ पाली भाषेत होते. पुढे नेपाळ व बुद्धगया येथे जाऊन ते सिंहलद्वीपी पोहोचले आणि १९०२ साली विद्योदय परिवेणात त्यांनी प्रव्रज्या घेतली. ब्रह्मदेशातही त्यांनी साधना केली.

संस्कृतज्ञाला पालीची काय गरज, असे कोणी विचारील. येथेच खरी मेख आहे. शब्द ओळखीचे, अर्थ मात्र निराळे! आपण संस्कार म्हणतो तेव्हा मुंज, विवाह आठवतात. बौद्ध परिभाषेत संस्कार म्हणजे चित्ताची घडण करणाऱ्या वृत्ती. आपली स्मृती म्हणजे आठवण किंवा धर्मग्रंथ. तेथे ती क्षणोक्षणीची जागरूकता. आपल्या नैयायिकांचे उपादान म्हणजे घटाची माती; तेथे ती आसक्तीची घट्ट पकड. कर्माचे मर्म तेथे चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. निर्वाण म्हणजे लोभ, द्वेष व मोह यांचा अग्नी विझणे. आणि अनात्मवाद तर आपल्या आत्मविचाराहून सर्वस्वी वेगळा. हा भेद झाकून केलेला गौरव म्हणजे अर्थ न जाणता केलेले पारायणच.

स्वदेशी परतल्यावर पुन्हा गृहस्थ झालेल्या धर्मानंदांनी काही काळ कलकत्त्यास पाली शिकविली. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी मासिक ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे. मराठी वाचकाची सेवा घडावी म्हणून त्यांनी ती आनंदाने पत्करली. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनकार्यासाठी पाचारण केले. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी चढत जाणारा हा ग्रंथ. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी विद्यार्थ्यांना पाली शिकविली. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या छोट्या पुस्तकाने आणि ‘भगवान बुद्ध’ या चरित्राने ते ज्ञान घरोघरी नेले. पंडितांत रमूनही ते श्रमिकांना विसरले नाहीत. मुंबईत परळ येथे त्यांनी बहुजन विहार उभारला.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. त्यानंतर नऊच वर्षांनी, १९५६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह नागपुरी धम्मदीक्षा घेतली. आता ही परिभाषा आपल्या शेजारच्या घरात नांदते आहे. आजच्या पौर्णिमेस दीप लावताना त्यातील एक तरी शब्द त्याच्या खऱ्या अर्थासह मुलाबाळांना सांगावा. धर्मानंदांना तेच खरे वंदन होय.