विश्लेषण : गाभण मेंढीच्या वारेपर्यंत रक्त पोहोचते कसे? जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी काय शोधले?

सिन्नर, येवला, नांदगावच्या माळरानावर मेंढ्या राखणाऱ्या धनगराला एक गोष्ट सांगावी लागत नाही. ऐन उन्हाळ्यात गाभण राहिलेली मेंढी पुष्कळदा किरकोळ कोकरू देते. यामागे केवळ चाऱ्याची टंचाई नसते. आईचे रक्त वारेपर्यंत किती पोहोचते, हा प्रश्नही त्यात असतो. या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांमध्ये सर जोसेफ बारक्रॉफ्ट यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या मेंढ्यांवरील कामाचा धागा आज प्रसूतिगृहांपर्यंत येतो.

कोण होते बारक्रॉफ्ट?

जन्म २६ जुलै १८७२, आयर्लंडमधील न्यूरी गावचा. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्यांचे. शिक्षण केंब्रिजला किंग्ज कॉलेजात झाले आणि पुढचे जवळपास सगळे आयुष्य त्याच गावात गेले. रक्त प्राणवायू कसा वाहून नेते, हा त्यांचा मूळ विषय. १९१० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९१४ मध्ये रक्ताच्या श्वसनकार्यावरचा त्यांचा ग्रंथ आला, १९२५ ते १९३७ या काळात ते केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३५ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ही झाली नोंदवहीतली माहिती. माणूस मात्र नोंदवहीत मावणारा नव्हता.

स्वतःवरच प्रयोग का केले?

पहिल्या महायुद्धात या क्वेकर गृहस्थाने पोर्टन डाऊन येथील विषारी वायूंच्या केंद्रात काम केले. प्रुसिक आम्लाची वाफ माणसाला किती घातक, यावर वाद होता. बारक्रॉफ्ट एका कुत्र्याला घेऊन थेट त्या वाफेच्या खोलीत शिरले. दीडेक मिनिटात कुत्रा कोसळला, बारक्रॉफ्ट चालत बाहेर आले. मेला असे समजून सोडलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत सापडला. आजच्या कोणत्याही नैतिकता समितीने असा प्रयोग होऊ दिला नसता, आणि ते योग्यच.

१९२० मध्ये ते काचेच्या बंद खोलीत सुमारे सहा दिवस राहिले. आतला प्राणवायू हळूहळू कमी केला जात होता. शेवटी मनगटाची धमनी उघडून रक्ताचा नमुना घेतला, तेव्हा ते काळपट दिसले. फुप्फुसे गरज पडल्यास प्राणवायू जोर लावून रक्तात ढकलतात, असे तेव्हा काही मोठे शास्त्रज्ञ मानत. तसे होत नाही, हे यातून दिसले. तोच प्रश्न घेऊन १९२१-२२ मध्ये ते पेरूमधील सेरो द पास्को या सुमारे ४,३०० मीटर उंचीवरील खाणींच्या गावी गेले. प्रयोगशाळा थाटली होती रेल्वेच्या सामानाच्या डब्यात!

मग मेंढ्यांकडे कसे वळले?

वाट जरा आडवळणाची आहे. प्लीहा हा रक्ताचा साठा आहे का, हे ते कुत्र्यांवर तपासत होते. त्यातली एक कुत्री गाभण राहिली आणि दिवस भरत गेले तशी तिची प्लीहा आकसत गेली. मग ते रक्त जाते कुठे? गर्भाशयाकडे, असा तर्क त्यांनी केला. साठीला टेकलेला, उंच डोंगरांवरच्या विरळ हवेचा जाणकार अशा रीतीने गर्भाच्या अभ्यासाला लागला. प्रथम सशांवर आणि शेळ्यांवर काम झाले, नंतर मेंढी हाती आली ती कायमची. मेंढीचे कोकरू आकाराने मानवी अर्भकाच्या जवळचे असते, बहुधा एक किंवा दोनच असतात, आणि गर्भकाळ सुमारे १४७ ते १५० दिवसांचा, म्हणजे वेळापत्रक आखता येते. डोनाल्ड बॅरन या अमेरिकी सहकाऱ्यासोबत त्यांनी कोकराच्या पहिल्या हालचालींपासून जन्मापर्यंतचा क्रम लावला. ऑक्सफर्डच्या गटाबरोबर क्ष-किरणांची चलचित्रे घेऊन गर्भातले रक्त हृदयातून कुठल्या वाटेने फिरते, हेही पाहिले.

विरळ हवेचा अनुभव इथे उपयोगी पडला. गर्भाच्या धमनीत प्राणवायूचा दाब इतका कमी असतो की प्रौढ माणूस तेवढ्यावर क्वचितच तग धरेल. म्हणूनच गर्भाची तुलना एव्हरेस्टवरच्या गिर्यारोहकाशी केली गेली. गर्भाचे हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू अधिक घट्ट धरते, त्यामुळे कमी दाबातही काम भागते.

वारेचे रक्त कमी-जास्त कोण करते?

मेंढीची वार सलग थाळीसारखी नसते. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला बटणांसारख्या साठ ते शंभर किंवा त्याहून अधिक गाठी असतात. प्रत्येक गाठीत आईच्या आणि कोकराच्या रक्तवाहिन्या समोरासमोर येतात, पण रक्त मिसळत नाही. गाभण नसताना गर्भाशयाला मिनिटाला काही दशक मिलिलिटर रक्त पुरते. दिवस भरत आले की हा आकडा एक लिटरच्या पुढे जातो. वार स्वतः मध्यावरच पुरती वाढलेली असते. कोकरू मात्र शेवटच्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढते. म्हणजे तेवढ्याच वारेतून अधिकाधिक रक्त वाहावे लागते.

हे जमते कारण गर्भाशयाच्या धमन्या रुंदावतात. इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके आणि रक्तवाहिनीच्या अस्तरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड त्यांना सैल करतात. मात्र यात एक मेख आहे. शेवटच्या दिवसांत या वाहिन्या जवळपास पूर्ण उघडलेल्याच असतात. मेंदूच्या वाहिन्या रक्तदाब घसरला तर आणखी रुंदावून प्रवाह टिकवतात. वारेला ते फारसे जमत नाही. आईचा रक्तदाब उतरला की वारेचा प्रवाहही त्याच प्रमाणात उतरतो. भीती, पळापळ, वेदना यांनी अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये वाढली तर वाहिन्या आकसतातही. दिलासा एवढाच की प्रवाह जवळपास निम्म्यापर्यंत घटला तरी कोकरू उरलेल्या रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेऊ शकते. त्याही पलीकडे गेले, तर ते स्वतःचे रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवते आणि बाकीच्या अवयवांना उपाशी ठेवते.

उन्हाचा मुद्दा इथेच येतो. गाभण मेंढ्यांना बराच काळ उष्णतेत ठेवून झालेल्या प्रयोगांत वार लहान राहिली, तिचे रक्त घटले आणि कोकरे हलकी जन्मली. धनगराचे निरीक्षण चुकीचे नव्हते.

बारक्रॉफ्ट कुठे चुकले?

त्यांना भूल दिलेल्या मेंढीचे पोट उघडून, गर्भ कोमट मिठाच्या पाण्यात ठेवूनच मोजणी करावी लागे. या पद्धतीत आईवर ताण येणारच. त्यांच्या आकड्यांत दिवस भरत येताना गर्भाचा प्राणवायू घटत जाताना दिसला आणि गुदमर वाढत जाऊन अखेर जन्म होतो, असे चित्र तयार झाले. १९६० च्या दशकात जाकोमो मेशिया आणि सहकाऱ्यांनी गर्भाच्या वाहिन्यांत बारीक नळ्या बसवल्या, जखम भरू दिली आणि उभ्या, चरणाऱ्या मेंढीत मोजमाप केले. निरोगी गर्भ गुदमरलेला नसतो, हे तेव्हा स्पष्ट झाले.

आपल्या दवाखान्याशी याचा संबंध काय?

सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन दिल्यावर आईचा रक्तदाब पडतो. तो वर आणण्यासाठी कोणते औषध दिल्यास वारेचे रक्त आटणार नाही, याची परीक्षा प्रथम गाभण मेंढ्यांवर झाली. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी दिली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने न्यूझीलंडच्या लिगिन्स यांना मेंढ्यांवर काम करतानाच सुचली. अर्थात मेंढी म्हणजे बाई नव्हे. बाईच्या वारेत आईचे रक्त गर्भाच्या तंतूंना थेट भिडते, मेंढीत मध्ये अधिक पडदे असतात. म्हणून प्रत्येक निष्कर्ष माणसांत पुन्हा तपासावा लागतो.

बारक्रॉफ्ट निवृत्तीनंतरही थांबले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांना पुन्हा पोर्टनला बोलावणे आले, १९४३ मध्ये रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. जन्मपूर्व जीवनावरील त्यांच्या संशोधनग्रंथाचा पहिला खंड १९४६ मध्ये निघाला. २१ मार्च १९४७ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे अचानक निधन झाले. दुसरा खंड आलाच नाही.